डबल बेल

अण्णांच्या मेंदूच्या आलेखाचा अहवाल पानभर होता आणि त्यातली बहुतेक वाक्यं 'नाही'वर संपत होती. झटक्यांची खूण नाही. डाव्या-उजव्या बाजूंत फरक नाही. काळजी करावी असं अचानक काही नाही. मधेच एक वाक्य मात्र 'आहे'चं होतं: पार्श्वलय मंद आहे, सेकंदाला सहा ते सात.

डोळे मिटून, पण जागेपणी, स्वस्थ पडलेल्या माणसाच्या मेंदूच्या मागच्या भागात विजेचा एक हेलकावा, म्हणजेच ही पार्श्वलय, चालू असतो. धडधाकट प्रौढ माणसात तो सेकंदाला आठच्या खाली सहसा उतरत नाही, बहुधा नऊ-दहाच्या आसपास असतो. अण्णांचा सहा-सात. मी डॉक्टरांना म्हटलं, "इतक्याशानं काय होतं?" ते म्हणाले, "घरात तुम्ही काय बघता ते आधी सांगा." मी बोलायला लागले ती थांबेचना.

अण्णांना पार्किन्सन आहे. खरं तर पार्किन्सनच्या रुग्णाचा ईईजी, म्हणजे हा मेंदूचा आलेख, काढायची पद्धत नाही. रोगाचं निदान डॉक्टर चाल बघून, हात वाकवून, बोटं आपटायला लावून करतात. आम्ही गोव्यात गेलो ते वेगळ्याच भीतीने. एका संध्याकाळी अण्णा पडवीत बसल्या बसल्या हरवले. डोळे उघडे, हाकेला ओ नाही. काही वेळाने आपोआप परतले आणि चहा मागितला. ही फिट तर नव्हे, एवढंच बघायचं होतं. आमच्या इन्सुलीहून गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर. आमच्याकडची माणसं नोकरीला, पेट्रोलला आणि मोठ्या दुखण्याला गोव्यात जातात. येताना आमच्या गावच्या चेकनाक्यावर गाडीत बाटली आहे का ते बघतात. त्या दिवशी शिपायाने पिशवीत डोकावलं, तर आत फाईल. तोही बिचारा ओशाळला.

आदल्या दिवशी केसांना तेल लावू नका, असं बजावलं होतं. जन्मभर खोबरेल चोपडलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे देवाला आंघोळीशिवाय बसवण्यासारखं. तंत्रज्ञ मुलीने टाळू चोळून चोळून साफ केली, मापं घेतली, खुणा केल्या आणि एकेक तार जेलने चिकटवत गेली. मग म्हणाली, डोळे मिटा. पडद्यावर कागदी सुरकुत्यांसारख्या रेषा धावत होत्या. डोळे उघडा. मागच्या भागातल्या रेषा सपाट झाल्या. पुन्हा मिटा, पुन्हा हेलकावा. या मिटण्या-उघडण्यातच सगळी गंमत आहे, आणि ती पहिल्यांदा बघणारा माणूस कमालीचा एकलकोंडा होता.

हान्स बर्गर त्याचं नाव. तरुणपणी जर्मन सैन्यात उमेदवारी करताना तो घोड्यावरून पडला आणि तोफगाड्याखाली जाता जाता वाचला. त्याच दिवशी घरून वडिलांची तार: बहिणीला तुझी काळजी वाटते आहे, ठीक आहेस ना? बर्गरने ते आयुष्यभर धरून ठेवलं. बहिणीपर्यंत आपलं भय पोचलं कसं, हे शोधायला तो मानसोपचाराकडे, मेंदूकडे वळला. येना शहरात १९२४ साली त्याने माणसाच्या मेंदूची वीज पहिल्यांदा टिपली आणि पाच वर्षं गप्प बसून १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. टॉर्चच्या एका सेलमध्ये दीड व्होल्ट असतो. डोक्याच्या कातडीवर पोचणारी ही वीज व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजावी लागते, तीही काही दहाच. मनातली हाक दूरवर पोचते, याचा पुरावा त्याला मिळाला नाहीच. मिळाली ती डोळे मिटल्यावर उमटणारी लय. तिला त्याने ग्रीक वर्णमालेतलं पहिलं अक्षर दिलं. आज आपण तिला अल्फा म्हणतो. सेकंदाला आठ ते तेरा. तिच्या खाली चार ते आठची थीटा, तिच्याही खाली डेल्टा.

अण्णांची अल्फा घसरून थीटाच्या घरात गेली होती.

आता अण्णा कोण, ते सांगते. मी त्यांची सून होण्याआधी त्यांची प्रवासी होते. माझं माहेर बांद्याचं, कॉलेज सावंतवाडीला. सकाळच्या एस.टी.त इन्सुली घाट चढेपर्यंत उभ्या मुलींना धरायला दांडी मिळायची नाही, आणि या सगळ्या गर्दीतून खाकी कपड्यातला एक सडपातळ माणूस दोन्ही हात मोकळे ठेवून चालायचा. डाव्या काखेत तिकिटांचा ट्रे, बोटांत पंच, खांद्याला कातडी पिशवी. पंच रिकामा असला तरी तो टिकटिक वाजवत राहायचा. कोण कुठे चढलं, कोणाचे किती सुटे द्यायचे राहिलेत, पास कोणाचा संपलाय, माजगावला कोण उतरणार, सगळं तोंडपाठ. बाहेर बघायची गरज नसे. वळणावर अंग कलतं तसं त्यांना कळे की थांबा आला. हात वर जाई, छताखालची दोरी ओढली जाई. एक घंटी: थांब. दोन घंट्या: चल. दुसरी घंटी कधी मारायची, यात त्यांचं कसब होतं. शेवटच्या म्हातारीचा दुसरा पाय पायरीवर टेकला की मग. क्षणभर आधी नाही, नंतरही नाही.

हे सगळं मी एवढ्या बारकाईने सांगते आहे, कारण गेलं ते नेमकं हेच.

पहिल्यांदा वास गेला. सासूबाई म्हणतात, निवृत्तीच्याही आधी. मोरीतलं मासळीचं पाणी तसंच राहिलं तरी त्यांना पत्ता नसे. तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या कढीचं कौतुक बंद झालं. आम्हाला वाटलं, वय. झोपेत लाथा झाडायला लागले, स्वप्नात कुणाशी तरी भांडायचे. आम्हाला वाटलं, डेपोतली जुनी भांडणं. ही दोन्ही लक्षणं थरथरीच्या कितीतरी वर्षं आधी येऊ शकतात, हे कळलं तेव्हा ती दोन्ही जुनी झाली होती. मग उजवा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासू लागली, जणू नाणी मोजताहेत. हात मांडीवर स्वस्थ असला की थरथर. पेला उचलला की थांबे. सेकंदाला चार ते सहा, या थरथरीचाही वेग ठरलेला आहे.

थरथर सगळ्यांना दिसते. गावात कोणीही विचारलं की उत्तर तयार असे: हात थोडो हलता, बाकी माणूस खणखणीत. गंमत म्हणजे हा रोग ज्याच्या नावाने ओळखला जातो त्या जेम्स पार्किन्सननेही हेच लिहून ठेवलं. लंडनच्या हॉक्स्टन वस्तीतला हा वैद्य, १८१७ साली त्याने छोटासा निबंध छापला. रुग्ण फक्त सहा, त्यातले काही नुसते रस्त्यात पाहिलेले. रस्त्यात दिसेल तेवढंच त्याला दिसलं: थरथर, वाकलेली पाठ, पुढे धावत सुटणारी पावलं. इंद्रियं आणि बुद्धी शाबूत राहतात, असा निर्वाळा त्याने दिला. मला त्याच्यावर रागावता येत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला आमच्या अण्णांचंही तेवढंच दिसतं. पण हा निर्वाळा पुढे फार काळ टिकला, आणि घरातली माणसं जे बघत होती त्याला नाव नव्हतं. ऑस्ट्रेलियात सिडनीला रुग्णांच्या एका गटाचा वीस वर्षं पाठपुरावा झाला. २००८ मध्ये निष्कर्ष आले: वीस वर्षांनी जे हयात होते त्यांच्यातल्या ८३ टक्क्यांना स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, झालेला होता.

आमच्या घरात तो विसराळूपणा होऊन आला नाही. अण्णांना गेल्या पिढीतल्या ड्रायव्हरांची नावं आठवत होती. पण काजूचा हंगाम आला, बी वाळवून झाली, व्यापारी दारात आला, आणि अण्णा तराजूसमोर उभेच राहिले. आधी पोतं तोलायचं, मग वजा करायचं, मग दराने गुणायचं. एकेक गोष्ट त्यांना येत होती. कुठली आधी आणि कुठली नंतर, एवढंच जुळेना. ज्या माणसाने चालत्या गाडीत पन्नास जणांचा हिशेब केला, तो एका पोत्याशी अडला. व्यापाऱ्याने समजून आकडा सांगितला. अण्णांनी मान डोलावली आणि आत येऊन पलंगावर बसले. संध्याकाळी भाजी निवडताना मला म्हणाले, "तेना बारदानाचा वजन धरूक नाय." बरोबर होतं. सकाळचं उत्तर संध्याकाळी आलं होतं.

डॉक्टरांनी त्यांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. गोल छान काढला. बाराचा आकडा वर घातला, मग एक, दोन, तीन, चार, पाच असे सगळे उजव्या बाजूलाच दाटीवाटीने. डावी बाजू कोरी. "अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." पेन्सिल दहाच्या आकड्यावर जाऊन थांबली. आयुष्यभर मनगटावरच्या घड्याळाने गाड्या सोडलेला माणूस. त्या कोऱ्या अर्ध्या गोलाकडे मी बघत बसले आणि ईईजीतल्या सहा-साताचा अर्थ मला तिथे लागला.

नंतर मी वाचत गेले. कळेल तेवढं, कळेल तसं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात पार्किन्सनच्या ज्या रुग्णांची बुद्धी अजून शाबूत होती, त्यांचे आलेख काढून ठेवले आणि मग वाट पाहिली. २०११ मध्ये छापून आलं: पार्श्वलय साडेआठच्या खाली असणाऱ्यांना पुढे डिमेन्शिया होण्याचा धोका वर असणाऱ्यांच्या तेरापट. हा आकडा वाचून मी लॅपटॉप मिटला. दोन दिवस उघडला नाही. आमच्या नात्यातल्या एका शहाण्या गृहस्थांना हे सांगितलं तर म्हणाले, म्हणजे पत्रिकाच की! नाही. धोका समूहाचा असतो. एकट्या माणसाच्या बाबतीत ही रेषा तारीख सांगत नाही, वारही सांगत नाही. शिवाय झोप, औषधं, ताप, रक्तातल्या मिठाचं प्रमाण, काहीही बिघडलं तरी लय मंदावते. पण नुसती शंका म्हणून फेकून द्यावी अशीही ती नाही, हे मला घड्याळाच्या कागदाने शिकवलं होतं.

याहून विलक्षण गोष्ट पुढे सापडली. आयोवा विद्यापीठात नंदकुमार नारायणन आणि त्यांचे सहकारी पार्किन्सनमधल्या बुद्धीच्या उतरणीवर काम करतात. ते रुग्णाला स्वस्थ पडू देत नाहीत, काम देतात. पडद्यावर खूण उमटते, आणि रुग्णाने मनातल्या मनात काही सेकंदांचा अवधी मोजून कळ दाबायची. किंवा विसंगत खुणांमधून बरोबर ती निवडायची. खूण उमटली की धडधाकट मेंदूत कपाळाच्या वर, मधोमध, एक छोटीशी मंद लाट उसळते, सेकंदाला सुमारे चारची. लक्ष दे, सावर, आता निवड, असा तिचा अर्थ लावतात. ज्या रुग्णांची बुद्धी उतरणीला लागली आहे, त्यांच्यात ही लाट नीट उठत नाही.

म्हणजे बघा. निवांतपणी जिथे वेगवान लय असायची तिथे मंद लाटा पसरतात, आणि ऐन गरजेला जी मंद लाट उठायची ती उठत नाही. मंदपणा नको तिथे आहे आणि हवा तिथे नाही. मी पुन्हा पुन्हा हे वाचलं, कारण मला त्यात काजूचा व्यापारी दिसत होता, दारात उभा. ज्ञान अण्णांपाशी होतंच. ज्या क्षणी ते बाहेर यायला हवं, त्या क्षणी आतून हाक पडत नव्हती. अवधी मोजायच्या त्या प्रयोगाने तर मी गारच झाले. शेवटच्या म्हातारीचा दुसरा पाय टेकेपर्यंत मनातल्या मनात वेळ धरून ठेवणं, याहून वेगळं काय करत होते अण्णा इतकी वर्षं?

२०१८ मध्ये याच गटाने आणखी एक प्रयोग छापला. ज्या रुग्णांच्या मेंदूत थरथरीसाठी आधीच तार बसवलेली होती, त्यांना तिच्यातून एरवी सेकंदाला शंभराच्या वर झटके देतात. इथे फक्त चार दिले. त्या अवधी मोजण्याच्या कामात ते सुधारले. थोडे रुग्ण, प्रयोगशाळेतलं काम. यातून उद्या औषध निघेल असं मी समजत नाही, आणि कोणी समजू नये. पण हरवलेली हाक बाहेरून घालता येते, एवढं त्यात आहे. तेवढं मी उचललं.

हाताशी असलेल्या उपायांचं थोडक्यात सांगते. लेव्होडोपाच्या गोळीने चाल सुधारते, विचारातल्या या खोळंब्याला तिचा फारसा हात लागत नाही. गोळी जेवणाआधी अर्धा तास तरी घ्यावी लागते. प्रथिनं तिच्या आड येतात आणि आमच्याकडे प्रथिनं म्हणजे मासे, म्हणजे गोळी आणि बांगडा यांचं वेळापत्रक सासूबाईंनी डेपो मॅनेजरच्या कडकपणाने लावून दिलंय. थरथर कमी व्हावी म्हणून पूर्वी ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची गोळी सुरू होती. ती ॲसिटिलकोलीन या रसायनाला अडवते, आणि लक्ष-स्मृतीला नेमकं तेच लागतं. नव्या डॉक्टरांनी ती हळूहळू बंद केली आणि पुढे ॲसिटिलकोलीन टिकवून धरणारं रिव्हास्टिग्मिन दिलं. फरक पडला? थोडा. सकाळच्या वेळी. घरी जुन्या गोळ्यांची पाकिटं असतील त्यांनी हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा, एवढं मी आगंतुकपणे सांगून ठेवते.

आणि खाजकुयली. आमच्या कुंपणावर ती दर पावसाळ्यात चढते. लहानपणी एकमेकांच्या पाठीत तिची कुसं टाकली नाहीत असं पोर कोकणात नाही. आयुर्वेद कंपवातावर, म्हणजे अशाच थरथरीच्या रोगावर, तिचं बी वापरत आला आहे. दामोदरन आणि रामस्वामी या दोघांनी मद्रासला १९३७ साली तिच्या बियांतून लेव्होडोपा वेगळी करून दाखवली. पश्चिमेत मोठ्या मात्रेने रुग्ण उठून चालू लागायला १९६७ उजाडलं. हे कळल्यापासून शेजारीपाजारी पुड्या आणून देतात. बियांत औषध किती हे बीगणिक बदलतं आणि गोळी आधीच चालू आहे, म्हणून आम्ही त्या पुड्या आदराने कपाटात ठेवतो. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळातले लोक अशा सगळ्या गोष्टींवर एकमेकांशी बोलतात, नाचतात, गातात असं ऐकते. आमच्या गावात बोलायला पुडी आणणारेच आहेत. वाईट नाहीत.

बाहेरून हाक घालायचं मात्र आम्ही मनावर घेतलं. उंबऱ्यापाशी आले की अण्णांचे पाय जमिनीला चिकटायचे. मोकळ्या खळ्यात चालतील, दारात खिळतील. मागून ढकललं तर पडायचे. कोणीतरी सुचवलं म्हणून खळ्याच्या सिमेंटवर पावलापावलावर पांढरे पट्टे रंगवले. पट्टा दिसला की पाऊल उचललं जाई. दारात पट्टे चालेनात. एकदा मी मागे ताट घेऊन उभी होते आणि ते खिळलेले. मला काय वाटलं कोण जाणे, चमच्याने ताटावर दोन ठोके दिले. टण, टण. उजवा पाय उंबऱ्याबाहेर पडला. अण्णा मागे वळून बघायचा प्रयत्न करत म्हणाले, "गाडी भरली?"

काही महिने हा मंत्र अगदी चालत होता. नातवाने मोबाइलवर घंटीचा आवाज भरून ठेवला. आता कधी चालतो, कधी नाही. हल्ली मी दोनदा वाजवून वाट बघते, पुन्हा वाजवते. ताल बाहेरून मिळाला की आतला अडकलेला रस्ता वळसा घालून जातो, असं सांगतात. गाऱ्हाण्यालाही तसंच होतं. चतुर्थीला घरात गाऱ्हाणं घालतात तेव्हा अण्णांना वार विचारला तर सांगता येत नाही, पण गाऱ्हाणं म्हणणारा जिथे श्वास घेतो तिथे त्यांचा "व्हय म्हाराजा" सगळ्यांच्या बरोबर पडतो, कधी कधी सगळ्यांच्या आधी.

चतुर्थीचाच एक छळ आहे. मुंबईहून चाकरमानी येतात, पिशव्या टेकवतात आणि अण्णांपुढे उभे राहून विचारतात, "अण्णानू, वळाखलात माका?" प्रेमानेच विचारतात. अण्णांचा चेहरा आता फारसा हलत नाही, त्यामुळे आत काय चाललंय ते कळत नाही. समोरचा तीन मोजेपर्यंत थांबतो, मग आपणच नाव सांगतो, आणि आत येऊन माझ्याकडे वाईट तोंड करतो: नाय वळाखल्यानी. अरे, तू तीनच मोजलेस. अण्णांना वीस लागतात. मी एकदा स्वयंपाकघरातून घड्याळ लावून पाहिलं. पुतण्या आत येऊन हळहळत असताना पडवीतून अण्णांनी त्याच्या नावाची, बापाच्या नावासकट, हाक मारली. तेव्हापासून मी हा प्रश्न घरात बंद केलाय. आल्याबरोबर आपलं नाव सांगावं, कुठल्या गाडीने आलात ते सांगावं. गाडी सांगितली की अण्णा बोलतातच. आणि नाही बोलले तर बसावं जरा. इतक्या लांबून आलात, कुठे जायचंय?

आमच्या घरी पु. ल. देशपांड्यांची 'म्हैस' कॅसेटवर होती, आता मोबाइलवर आहे. एस.टी.ची कथा म्हणून अण्णांची लाडकी. त्यातल्या कंडक्टरच्या बाजूने ते आजही मनापासून उभे असतात. पुलंनाही शेवटी याच आजाराने गाठलं होतं. १२ जून २००० ला पुण्यात ते गेले, तेव्हा अण्णा नोकरीत होते आणि त्यांचा हात स्थिर होता. हल्ली 'म्हैस' लावली की श्रोते हसतात, अण्णा हसत नाहीत. कथा पुढे सरकते, दुसरं पात्र बोलायला लागतं, शांत जागा येते, आणि तिथे अण्णा हसतात. मागच्या विनोदाला. आधी मला ते सहन व्हायचं नाही, मी खोली सोडून जायची. आता नातू विनोद झाला की बोट ठेवून थांबवतो. अण्णांचं हसू आलं की पुढे लावतो. कथेला दुप्पट वेळ लागतो. वेळ आहे.

वेळ नाही, हेही मला माहीत आहे. उतरण चालूच आहे. या वर्षी नवीन गोष्ट सुरू झाली: दिवेलागणीला पडवीच्या बाकावर अण्णांना माणसं दिसतात. बहुधा दोघं. बोलत नाहीत, नुसती बसतात. डॉक्टर म्हणाले, अपेक्षित आहे. फ्रिट्झ लेवी या माणसाने १९१२ मध्ये मेंदूच्या पेशींत जे गोळे पाहिले, ते पसरत पसरत वर गेले की असं दिसू लागतं. अण्णा घाबरत नसतील तर औषध वाढवू नका. लेव्होडोपाही याला हातभार लावते, तेव्हा चाल आणि माणसं यांचा समतोल बघावा लागेल. सासूबाई म्हणाल्या, देवचार असतलो, राखणदार. हद्दीवरून जाताना टेकलो असात. मी लेवीच्या बाजूची. पण वागायचं कसं, यात सासूबाई माझ्यापेक्षा शहाण्या निघाल्या. मी पहिल्या दिवशी बाकावर हात फिरवून दाखवला, "बघा, कोणी नाही." अण्णा रागाने लाल झाले; माझा हात त्यांच्या दृष्टीने कोणाच्या तरी पोटातून गेला होता. सासूबाईंनी दिवा लावला, बाकाशेजारची काळोखी कमी केली आणि म्हणाल्या, "बसांदेत. तुमका काय त्रास देतत?" पुढे डॉक्टरांनीही हेच सांगितलं: वाद घालू नका, उजेड वाढवा. सासूबाईंनी कुठे वाचलं नव्हतं.

अण्णांची तक्रार वेगळीच होती. "थंय दोघे बसले हत. तिकीट काढूक नाय."

खिशात हात गेला. पिशवी नाही, ट्रे नाही. उजव्या हाताची अंगठा-तर्जनी एकमेकांवर चाललेली. आम्ही गप्प. सासूबाईंनी देवळीतले चार आणे, आठ आणे, जे काही जुने सुटे होते ते आणून त्यांच्या तळहातावर ठेवले. "ह्यां घेवा, तेंनी दिल्यानी." अण्णांनी पैसे मोजले. बराच वेळ मोजले. मग मूठ मिटून आत झोपायला गेले, उंबऱ्यात न अडखळता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे त्यांच्या बऱ्या वेळी, मी चहा देताना सहज विचारलं, कालचे दोघे गेले काय?

"उतरले."

"खंय?"

चहाचा पेला अर्धा झाला. बाहेर घाटाकडून ट्रक गेला. मी उठणार होते, पण बसून राहिले.

"घाटात," अण्णा म्हणाले. मग बशीत चहा ओतला, तो पिऊन संपवला, बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळून थोड्या तक्रारीच्या सुरात म्हणाले, "एकाचा हाफ तिकीट होता. हिणां दोघांचे फुल घेतल्यान."